महाविद्यालयीन इंग्रजीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातून आंतरसांस्कृतिक संवाद कसा शिकवावा

नागपूरच्या महाविद्यालयातून बाहेर पडणारा पदवीधर आज अनेकदा पहिल्याच नोकरीत अशा माणसांशी इंग्रजीत बोलू लागतो, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नसते. शहराजवळच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या एखाद्या माहिती-तंत्रज्ञान कंपनीत तो लागला, तर त्याचा टीमप्रमुख चेन्नईचा, ग्राहक जर्मनीचा आणि चाचणी करणारा गट फिलिपिन्समधला असू शकतो. अशा ठिकाणी व्याकरण बिनचूक असूनही संवाद अडतो. त्याचे कारण नकार कसा द्यायचा, काम कसे मागायचे, गप्प राहणे म्हणजे काय समजायचे, याबद्दलचे प्रत्येकाचे संकेत वेगळे असतात आणि ते संकेत आपल्याला आहेत हेच बहुतेकांच्या लक्षात आलेले नसते.

आपल्याकडे हा विषय बहुधा संवादकौशल्याच्या एखाद्या प्रकरणात उरकला जातो. जपानी माणसे वाकून अभिवादन करतात, अमुक देशात डावा हात पुढे करू नये, तमुक देशात वेळ काटेकोरपणे पाळतात, अशी यादी विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेत टीप लिहून मोकळा होतो. त्या यादीचा उपयोग फार थोडा. जपानी सहकाऱ्याने तीन दिवस ईमेलला उत्तर दिले नाही, तर त्याचा अर्थ कसा लावायचा आणि पुढचा ईमेल कसा लिहायचा, हे त्या यादीतून कळत नाही. हे शिकवायला ऑनलाइन माध्यम विशेष सोयीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. वर्गातले बोलणे विरून जाते. चर्चामंचावर लिहिलेला शब्द मात्र तसाच राहतो आणि गैरसमज कोणत्या वाक्यापासून सुरू झाला हे आठवड्याने परत जाऊन दाखवता येते. पुढील सर्व मांडणी या एका सोयीभोवती केलेली आहे.

उद्दिष्टे आधी ठरवा, साहित्य नंतर शोधा

ब्रिटिश अभ्यासक मायकेल बायरम यांनी १९९७ मध्ये आंतरसांस्कृतिक संवादक्षमतेचे पाच घटक मांडले: कुतूहल आणि मोकळेपणाची वृत्ती, आपल्या व दुसऱ्याच्या समाजाचे ज्ञान, एखाद्या मजकुराचा किंवा घटनेचा अर्थ लावून तो आपल्या अनुभवाशी ताडून पाहण्याचे कौशल्य, नवी माहिती स्वतः शोधण्याचे आणि प्रत्यक्ष संवादात वापरण्याचे कौशल्य, आणि आपल्या मूल्यांसह सगळ्याच मूल्यांकडे चिकित्सकपणे पाहण्याचे भान. एका सत्रात पाचही घटक सारख्या ताकदीने घेण्याचा हव्यास धरू नये. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षासाठी अर्थ लावणे, शोध घेणे आणि चिकित्सक भान ही तीन कौशल्ये पुरेशी आहेत. ज्ञान त्या ओघात येते, आणि वृत्ती थेट शिकवता येत नाही.

उद्दिष्टे तपासता येतील अशा भाषेत लिहा. 'विद्यार्थ्याला इतर संस्कृतींबद्दल आदर वाटेल' हे तपासायचे कसे? त्याऐवजी 'एका ईमेलचे दोन संभाव्य अर्थ विद्यार्थी मजकुरातील पुराव्यासह मांडेल', 'एकच विनंती तीन वेगवेगळ्या व्यक्तींसाठी तीन प्रकारे लिहील आणि बदलांची कारणे सांगेल', 'गैरसमज झाल्यास आरोप न करता खुलासा मागणारा प्रश्न विचारेल' अशी वाक्ये लिहिली, की पाठ आणि मूल्यमापन दोन्ही आपोआप आकार घेऊ लागतात.

सिद्धांतांबाबत एक सावधगिरी हवी. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेला फरक, म्हणजे काही समाजांत अर्थाचा मोठा भाग शब्दांत असतो तर काहींत प्रसंग, नाते आणि मौन यांत असतो, हा विद्यार्थ्यांना लगेच उमगतो आणि उपयोगीही पडतो. डच अभ्यासक गिर्ट हॉफस्टेड यांनी १९८० मध्ये मांडलेली संस्कृतीची देशनिहाय परिमाणेही, म्हणजे व्यक्तिवाद किंवा सत्तेतील अंतर यांची आकड्यांतली मापे, पाठ्यपुस्तकांत हमखास असतात. परंतु ती मुळात आयबीएम या एका कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवर उभी आहेत आणि संपूर्ण भारताला एकच आकडा देतात. नागपूर, ऐझॉल आणि कोची यांना एका आकड्यात बसवणारे साधन एखाद्या समोरच्या माणसाबद्दल काय सांगणार? ही परिमाणे शिकवायचीच असतील तर तपासून पाहण्याचा दावा म्हणून शिकवावीत. याउलट भाषाभ्यासक ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये मांडलेली इंग्रजीची तीन वर्तुळे (इंग्रजी मातृभाषा असलेले देश, भारतासारखे ती दुसरी भाषा म्हणून वापरणारे देश आणि ती परकी भाषा म्हणून शिकणारे देश) पहिल्याच आठवड्यात जरूर घ्यावीत, कारण भारतीय इंग्रजी ही स्वतःचे संकेत असलेली एक इंग्रजी आहे, हे एकदा कळले की विद्यार्थ्याच्या मनातील न्यूनगंड कमी होतो आणि तो मोकळेपणाने लिहू लागतो.

वेळापत्रक आणि साधने

दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) अभ्यासक्रमाला साधारण तीस तास मिळतात. ते दहा आठवड्यांत वाटल्यास दर आठवड्याला तीन तास येतात; त्यातला एक तास शिक्षकाने तयार केलेले साहित्य वाचणे-ऐकणे यासाठी आणि दोन तास लेखन व चर्चेसाठी ठेवावेत. पहिले तीन आठवडे स्वतःच्या वर्गाकडे पाहण्याचे, पुढचे तीन भाषिक कृतींचे, त्यानंतरचे तीन दुसऱ्या महाविद्यालयाबरोबर प्रत्यक्ष देवाणघेवाणीचे आणि शेवटचा आपापल्या लेखनाच्या संकलनाचा, अशी विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. रचनेसाठी नमुना हवा असेल तर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणाच्या राष्ट्रीय मंचाची चार भागांची पद्धत पाहावी: दृक्-श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंचाचणी. मात्र तिथे हजारो विद्यार्थी असल्यामुळे पाठाला प्राधान्य मिळते. आपल्या अभ्यासक्रमात चर्चा हाच गाभा असला पाहिजे.

साधने निवडताना विद्यार्थ्याच्या हातातल्या मोबाइलपासून सुरुवात करा. काटोल, उमरेड, सावनेर, रामटेककडून रोज एसटीने येणारी मुले-मुली बसमध्येच अभ्यास उघडतात, घरी लॅपटॉप नसतो आणि गावात शिरल्यावर नेटवर्क डळमळते. म्हणून मजकूर आधी, आवाज नंतर, चित्रफीत सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा. चित्रफीत पाच-सहा मिनिटांपेक्षा मोठी नसावी आणि तिचा लिखित मजकूर सोबत द्यावा, म्हणजे डेटा संपलेला विद्यार्थीही मागे पडत नाही. महाविद्यालयाकडे सर्व्हर आणि सांभाळणारा माणूस असेल तर मूडल ही अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली उत्तम, नसेल तर गुगल क्लासरूम आणि एक सामायिक डॉक्युमेंट एवढ्यावर सगळे भागते.

व्हॉट्सअ‍ॅप केवळ सूचनांसाठी वापरा. तिथली चर्चा शुभेच्छांच्या संदेशांत हरवते, धागा लावून परत वाचता येत नाही, आणि मुलींचे मोबाइल क्रमांक साऱ्या वर्गाला, पुढे परक्या महाविद्यालयालाही दिसू लागतात. ही शेवटची गोष्ट अजिबात किरकोळ नाही. अनेक घरांत मुलीचा ऑनलाइन अभ्यास तेवढ्या कारणावरून थांबू शकतो.

पहिले तीन आठवडे: नागपूरपासून सुरुवात

परदेशाकडे जाण्याआधी विद्यार्थ्याला स्वतःचा वर्ग दिसला पाहिजे, आणि त्यासाठी नागपूरसारखे शहर शोधून सापडणार नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी म्हणून घडलेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेले हे शहर आहे. इथल्या एका वर्गात मराठी, वऱ्हाडी, हिंदी, उर्दू, सिंधी, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, हलबी किंवा गोंडी घरात बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसतात. पहिल्या आठवड्याची कृती साधी ठेवा: आपण दिवसभरात कोणाशी कोणती भाषा बोलतो, भाषा कुठे बदलतो आणि का बदलतो, याची एका दिवसाची नोंद प्रत्येकाने चर्चामंचावर इंग्रजीत लिहावी आणि दुसऱ्या दोघांच्या नोंदींवर प्रत्येकी एक प्रश्न विचारावा. रिक्षावाल्याशी हिंदी, आजीशी वऱ्हाडी, ग्रंथपालांशी प्रमाण मराठी आणि मुलाखतीत इंग्रजी, असे जेव्हा ते स्वतः लिहून काढतात, तेव्हा समोरच्या माणसाप्रमाणे बोलणे बदलण्याचे कौशल्य आपल्याकडे आधीच आहे, हे त्यांना दिसते. पुढचा सगळा अभ्यासक्रम त्याच कौशल्याचा विस्तार आहे.

दुसऱ्या आठवड्यात वर्णन, अर्थ आणि मत या तीन गोष्टी वेगळ्या करायला शिकवा. या क्षेत्रातली ही जुनी आणि अजूनही सर्वांत परिणामकारक कृती आहे. छायाचित्र परके नको, ओळखीचे घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतींच्या, म्हणजे काळ्या व पिवळ्या उंच पुतळ्यांच्या, मिरवणुकीचे छायाचित्र द्यावे आणि ज्याने नागपूर कधी पाहिले नाही अशा वाचकासाठी सहा-सात ओळी लिहायला सांगावे. पहिल्या मसुद्यात साधारण अशा आशयाची वाक्ये येतात: 'काळी मारबत ही दुष्ट शक्ती असते. लोक श्रद्धेने तिची मिरवणूक काढतात आणि सगळी संकटे जाळून टाकतात. ही आमची महान परंपरा आहे.' आता चर्चामंचावरच या मसुद्यातील प्रत्येक वाक्यापुढे विद्यार्थ्यांना खूण करायला लावा: हे डोळ्यांना दिसते का, हा आपण लावलेला अर्थ आहे का, की हे आपले मत आहे? तिन्ही वाक्यांत निखळ वर्णन फारच थोडे आहे, हे त्यांना स्वतःलाच उमगते. दुसऱ्या मसुद्यात मग रस्त्याची गर्दी, माणसांपेक्षा कितीतरी उंच पुतळा, त्याचा रंग, त्यापुढे नाचणारी मुले, 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी, चालू घडामोडींवर टीका करणारे बडगे नावाचे पुतळे, असे तपशील येतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, ही माहिती येते. आणि 'अनेकांच्या मते ती रोगराई व संकटे सोबत घेऊन जाते' असे अर्थाचे वाक्य, तो अर्थ कोणाचा आहे ते सांगून येते. हे दोन मसुदे शेजारी-शेजारी ठेवून एक पूर्ण आठवडा घालवला तरी तो वाया जात नाही. आपल्याच उत्सवाचे वर्णन करताना एवढा अर्थ नकळत मिसळतो, तर परक्याचे वागणे पाहताना किती मिसळत असेल, हा प्रश्न त्यानंतर विद्यार्थीच विचारू लागतात.

इथे शिक्षकाने एक पथ्य कटाक्षाने पाळावे. कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या जातीचा, धर्माचा किंवा समाजाचा प्रतिनिधी करू नये. दीक्षाभूमीबद्दल लिहायचे की नाही हे आंबेडकरी घरातील विद्यार्थ्याने स्वतः ठरवावे; रमजानबद्दल खुलासा करणे ही मुस्लीम विद्यार्थिनीची जबाबदारी नव्हे. घर, जेवण, सण, लग्न यांवरचे प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतात, पण आपल्या समाजात त्यांच्या उत्तरांतून जात आणि आर्थिक स्थिती उघड होते. म्हणून प्रत्येक कृतीला किमान एक पर्यायी विषय द्यावा, उदाहरणार्थ बसथांबा, ग्रंथालय, वसतिगृहाची मेस किंवा क्रिकेटचे मैदान. एखाद्याला नावानिशी लिहायचे नसेल तर शिक्षकाला कळवून टोपणनावाने लिहिण्याची मुभा असावी.

पुढचे तीन आठवडे: विनंती, नकार, असहमती

ब्रिटिश भाषाभ्यासक जेनी थॉमस यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की व्याकरणाची चूक ऐकणाऱ्याला चूक म्हणूनच दिसते, परंतु संकेतांची चूक स्वभावदोष म्हणून दिसते. 'याला इंग्रजी येत नाही' असे न वाटता 'हा उद्धट आहे' असे वाटते. हे तीन आठवडे त्यावरच खर्च करायचे आहेत.

सुरुवात आपल्या ओळखीच्या ईमेलने करावी. विद्यार्थी रजेसाठी लिहितो: 'रिस्पेक्टेड सर, आय वॉन्ट टू डेज लीव्ह. काइंडली डू द नीडफुल अ‍ॅट द अर्लिएस्ट.' नागपुरातल्या कार्यालयात हा ईमेल चालून जातो, त्यात कोणाला काही वावगे दिसत नाही. तोच ईमेल इंग्लंडमधील प्रकल्पप्रमुखाला गेला तर 'वॉन्ट' हा शब्द हुकूम वाटू शकतो, 'नीडफुल' म्हणजे नेमके कोणते काम ते कळत नाही आणि शेवटच्या दोन-तीन शब्दांत घाई जाणवते. विद्यार्थ्याला लाल शाईने दुरुस्त केलेला ईमेल देऊ नका. हाच मजकूर प्राचार्य, बंगळूरची टीमप्रमुख आणि परदेशी भागीदार विद्यार्थी अशा तिघांसाठी लिहायला सांगा आणि प्रत्येक बदलासमोर कारण मागवा. एका सामायिक डॉक्युमेंटमध्ये तीन स्तंभ करून चार-चार जणांच्या गटाने हे काम केले, की खरी चर्चा कारणांच्या स्तंभात होते.

नकाराचा आठवडा अधिक मोलाचा आहे, कारण आपण सहसा तोंडावर नाही म्हणत नाही. 'बघतो', 'करू काहीतरी', 'प्रयत्न करतो' यांतून समोरच्याला कळायचे ते कळते. हीच सवय इंग्रजीत 'आय विल ट्राय' होऊन उतरते. समजा, आपल्या विद्यार्थ्याने भागीदाराच्या 'शुक्रवारपर्यंत मसुदा देशील का?' या प्रश्नावर 'आय विल ट्राय' असे लिहिले. त्याच्या मते त्याने सौम्य नकार दिला आहे. भागीदाराच्या मते त्याने होकार दिला आहे. शुक्रवार उलटतो आणि एकाला दुसरा बेजबाबदार वाटतो, दुसऱ्याला पहिला मागे लागणारा वाटतो. असा प्रसंग लिहून, त्याला चार संभाव्य प्रतिसाद जोडून, विद्यार्थ्यांना आधी एकट्याने निवड करायला आणि मग मंचावर निवडीचे समर्थन करायला लावावे. 'शुक्रवारपर्यंत जमणार नाही, पण सोमवारी सकाळी देऊ शकतो' हे वाक्य इंग्रजीत सहजपणे लिहिता येणे, हे या आठवड्याचे मोजता येण्यासारखे फलित आहे.

आवाजासाठी निदान एक पाठ ठेवाच. अमेरिकी भाषाभ्यासक जॉन गंपर्झ यांनी नोंदवलेले उदाहरण इथे अतिशय उपयोगी पडते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी महिला कर्मचारी उद्धट आहेत, अशी तक्रार होती. त्या मांसाच्या पदार्थावर ग्रेव्ही हवी का, हे विचारताना 'ग्रेव्ही' हा एकच शब्द उतरत्या सुरात म्हणत. तिथल्या ब्रिटिश कर्मचारी तोच शब्द चढत्या सुरात म्हणत. उतरता सूर ब्रिटिश कानांना 'ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या' असा लागे. आवाजाच्या फिती दोन्ही बाजूंना ऐकवल्यावर फरक उलगडला, आणि आपल्याशी सगळे तुसडेपणाने का वागतात याचा त्या महिलांनाही बोध झाला. विद्यार्थ्यांनी 'वॉटर', 'रिसीट', 'टुमॉरो' असे शब्द दोन्ही सुरांत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत, एकमेकांचे ऐकावे आणि त्यातून काय अर्थ वाटला ते लिहावे. ध्वनिफीत अर्ध्या मिनिटाची असल्याने कमी डेटातही हे सहज जमते.

भागीदार महाविद्यालयाबरोबरचे तीन आठवडे

पहिल्या वर्षी परदेशी भागीदार शोधण्याच्या मागे लागू नये. मणिपूर, केरळ किंवा आसाममधील एखाद्या महाविद्यालयाबरोबर सुरुवात करावी. घड्याळ एकच असते, सत्रांच्या तारखा थोड्याफार जुळतात, आणि इंग्रजी हीच दोन्ही बाजूंची खरी गरज असते. शिवाय ईशान्येकडील विद्यार्थ्यांबद्दल आपल्या मुलांच्या मनात असलेली मोजकी, ऐकीव माहिती याच वयात तपासली गेली पाहिजे. दुसऱ्या वर्षी परदेशाकडे वळावे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये अशा सहकार्यासाठी कॉइल हे स्वतंत्र केंद्र सुरू केले आणि ती पद्धत आता अनेक देशांतील संस्था वापरतात. तरीही अनुभवाने सांगायचे तर ओळखीचा एक उत्साही शिक्षक हा मोठ्या करारापेक्षा अधिक भरवशाचा असतो.

परदेशी भागीदार असेल तर दिनदर्शिका समोर ठेवून बसा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे आणि तिथले शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असतो. घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, त्या आठवड्यात थेट सत्र ठेवू नये. दसरा, दिवाळी, विद्यापीठाच्या परीक्षा आणि त्यांच्याकडील सुट्ट्या वजा केल्यावर सलग तीन आठवडे मोठ्या मुश्किलीने हाती लागतात. ते सत्र सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी निश्चित झाले पाहिजेत. भागीदार शिक्षकाशी पुढील गोष्टी लेखी ठरवा: दोन्हीकडे या कामाला गुण आहेत का, दर आठवड्याला किती लेखन अपेक्षित आहे, उत्तर किती दिवसांत द्यायचे, आणि विद्यार्थी गायब झाला तर कोणाला कळवायचे. एका बाजूला गुण आणि दुसऱ्या बाजूला हौस, अशी स्थिती असली की अशा देवाणघेवाणी मध्येच थंडावतात.

कृतींसाठी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९९७ मध्ये सुरू झालेल्या कल्चुरा या प्रकल्पाची पद्धत आजही आदर्श वाटते. फ्रेंच आणि अमेरिकी विद्यार्थी एकच वाक्य आपापल्या परीने पूर्ण करत, मग दोन्हीकडची उत्तरे शेजारी-शेजारी मांडली जात आणि विद्यार्थी त्यांतल्या फरकांवर मंचावर चर्चा करत. आपण 'चांगला शेजारी म्हणजे…', 'उद्धट विद्यार्थी म्हणजे…', 'कोणी उशिरा आले तर…' अशी पाच-सहा वाक्ये गुगल फॉर्मवर द्यावीत. सातव्या आठवड्यात दोन्ही वर्गांनी ती पूर्ण करावीत. आठव्यात दोन-दोन नागपूरचे आणि दोन-दोन भागीदार वर्गाचे असे चौघांचे गट करून उत्तरांतले नमुने शोधावेत आणि एकमेकांना प्रश्न विचारावेत. नवव्यात प्रत्येक गटाने एक संयुक्त पानभर मजकूर लिहावा, ज्यात सहमती नसलेला निदान एक मुद्दा तसाच मांडलेला असेल. ही अट महत्त्वाची आहे. ती नसली की गट घाईघाईने 'शेवटी आपण सारे सारखेच' या वाक्यावर येऊन थांबतात आणि शिकणे तिथेच संपते.

थेट भेट एकदाच, चाळीस मिनिटांची ठेवावी. झूमच्या मोफत खात्यावर गटाला तेवढीच वेळ मिळते. कॅमेरा सक्तीचा करू नये. एकाच खोलीत चार भावंडांसह बसलेल्या विद्यार्थ्याला आपले घर परक्यांना दाखवायचे नसेल, तर तो त्याचा हक्क आहे.

गैरसमज होणारच, आणि तो झाला म्हणजे अभ्यासक्रम फसला असे समजू नये. शिक्षकाने लगेच मध्ये पडून दोघांची समजूत काढली, तर हातात आलेले सर्वांत चांगले साहित्य वाया जाते. एक दिवस थांबावे आणि मग संबंधित गटाला तीन प्रश्न द्यावेत: नेमक्या कोणत्या वाक्यानंतर स्वर बदलला? त्या वाक्याचे आणखी दोन अर्थ कोणते होऊ शकतात? भागीदाराला कोणता प्रश्न विचारला तर खरा अर्थ कळेल? उत्तरे लिहून झाल्यावरच भागीदाराला संदेश जावा. मात्र वंश, धर्म, जात, लिंग यांवरून अपमानकारक मजकूर आला, किंवा कोणी खासगी संदेश पाठवून त्रास देऊ लागले, तर थांबायचे नाही. मजकुराची प्रत जपून ठेवून तो मंचावरून ताबडतोब हटवावा आणि दोन्ही महाविद्यालयांच्या तक्रार यंत्रणेला कळवावे. हा नियम अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्यांना समजेल अशा भाषेत लिहिलेला असावा.

मंचावर शिक्षकाचे काम

शिक्षकाने प्रत्येक नोंदीला उत्तर देऊ लागल्यास विद्यार्थी शिक्षकासाठीच लिहू लागतात. सुरुवातीच्या आठवड्यात प्रत्येकाला नावाने एकदा उत्तर द्यावे, नंतर हात आखडता घ्यावा. आठवड्याच्या शेवटी दहा-बारा ओळींचा आढावा लिहावा, त्यात चार-पाच विद्यार्थ्यांची वाक्ये त्यांच्या नावासह उद्धृत करावीत आणि अनुत्तरित प्रश्न पुढच्या आठवड्यासाठी पुढे ठेवावा. मंचावर व्याकरण सुधारू नये. वारंवार दिसणाऱ्या चुकांसाठी वेगळे पान ठेवावे. पहिल्या तीन आठवड्यांत चिंतनपर नोंद मराठी किंवा हिंदीत लिहिण्याची परवानगी द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विचार नीट आकाराला आला की तो इंग्रजीत आणायला वेळ लागत नाही. इंग्रजीच्या दडपणाखाली मात्र विचारच दोन वाक्यांत आटोपतो.

मूल्यमापन, संमती आणि पुढची तयारी

पन्नास गुण असतील तर पंधरा गुण मंचावरील सहभागाला, पंधरा तीन पुनर्लेखित मजकुरांना, दहा संयुक्त पानाला आणि दहा शेवटच्या तोंडी परीक्षेला द्यावेत. बहुपर्यायी प्रश्न केवळ सरावापुरते ठेवावेत. वृत्तीला गुण देऊ नयेत, कारण गुणांसाठी दाखवलेला मोकळेपणा हा अभिनय ठरतो. पुराव्याला गुण द्यावेत: विद्यार्थ्याने भागीदाराचे नेमके वाक्य उद्धृत केले का, एकापेक्षा अधिक अर्थ मांडले का, माहिती मिळाल्यावर आपले आधीचे मत बदलले किंवा बदलले नाही याचे कारण दिले का. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून आणलेला मजकूर इथे फारसा टिकत नाही, कारण त्यात गटातल्या अमक्या दिवशीच्या अमक्या वाक्याचा संदर्भ नसतो. आणि पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेत स्वतःच्याच मसुद्यातला एक बदल समजावून सांगायला सांगितले, की उरलेली शंकाही फिटते.

संमतीचे काम अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी पूर्ण करावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पदवीच्या पहिल्या वर्षातले बरेच विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात. संमतिपत्र मराठीत आणि हिंदीत असावे, त्यात कोणती माहिती कोणाला दिसेल, ध्वनिमुद्रण किती काळ ठेवले जाईल आणि नकार दिल्यास पर्यायी काम कोणते, हे स्पष्ट लिहावे. भागीदार युरोपातला असेल तर तिथला २०१८ पासून लागू असलेला माहिती संरक्षणाचा नियमही पाळावा लागतो. त्याचे तपशील भागीदार शिक्षकाकडून आधीच मागवावेत.

दहाव्या आठवड्यात विद्यार्थी आपापले संकलन पूर्ण करत असताना शिक्षकाने दोन कामे हाती घ्यावीत. ज्या चर्चाधाग्यांतून खरोखर काही उलगडले, ते दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांची परवानगी घेऊन, नावे आणि ओळख पटवणारे तपशील काढून जपून ठेवावेत. पुढच्या तुकडीसाठी कोणत्याही पाठ्यपुस्तकातील प्रसंगापेक्षा ते अधिक जिवंत असतात. आणि भागीदार शिक्षकाबरोबर तासभर बसून कोणती वाक्ये पुढच्या वर्षी ठेवायची, कोणती बदलायची आणि पुढचे तीन आठवडे कोणत्या तारखांना धरायचे, हे त्याच बैठकीत लिहून घ्यावे, कारण निकाल लागून दोन्हीकडे नवे प्रवेश सुरू झाले की त्यासाठी कोणालाच सवड राहत नाही.